पहिल्या संक्रांतीची साडी

परमेश्वरने साडीच्या घडीत दोन बोटं घालून चिठ्ठी बाहेर ओढली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. चिठ्ठीवर अक्षर म्हणून नव्हतं. एक चौकोन आणि त्यात बारीक काळे ठिपके, एवढंच. त्याने दुसऱ्या साडीची चिठ्ठी काढली, मग तिसरीची. सगळीकडे तेच ठिपके.

"काका, चिठ्ठ्या नव्या आल्यात," ब्लाउजपीसच्या काउंटरवरून निकिता म्हणाली. "काल अर्धा दिवस दुकान बंद ठेवून पुण्याच्या लोकांनी आख्खा माल हलवला. आता मशीन मारलं की सगळं कळतंय. भाव, रंग, कोणत्या गोडाऊनचा माल."

"आन् मशीन कुठं हाय?"

"खाली. बिलाच्या टेबलावर."

परमेश्वर 'बरं' म्हणाला आणि चिठ्ठी परत घडीत सारली. खाली जायचं म्हणजे अठरा पायऱ्या उतरायच्या, आणि कशासाठी, तर साडीचा रंग विचारायला. सेलूच्या बाजारात एकतीस वर्षं साड्या विकलेल्या माणसाने बिलावरच्या पोरीपुढे साडी धरायची आणि म्हणायचं, बाई, हिचा रंग कोणता?

झाकली मूठ सव्वा लाखाची. परमेश्वरची मूठ दोन वर्षं झाकलेली होती. साखर निघाली तेव्हा दोस्तांनी थट्टा केली, की परमेश्वर, तुझ्या जिभेवरची साखर रक्तात उतरली. पुढे ती डोळ्यांत उतरली, तेव्हा थट्टा करायला कोणाला काही सांगितलंच नव्हतं. परभणीचे डॉक्टर म्हणाले होते, पडद्यावर परिणाम झालाय, नजर राहील, रंग हळूहळू जातील. लाल, पिवळा, पोपटी अजून ओळखू यायचे. गडद रंग मात्र सगळे एकाच घरचे झाले होते. काळा, निळा, जांभळा, गर्द हिरवा शेजारी शेजारी ठेवले तर चौघं सख्खे भाऊ. हे फक्त बायकोला, मनकर्णाला, ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली होती, "तोंडातून काडू नका. किशनरावाचं काय झालं ते बघितलं ना."

किशनरावाचं काय झालं ते सगळ्या सेलूने बघितलं होतं. 'पदरश्री' या पुण्याच्या कंपनीची साड्यांची बावीस दुकानं आहेत. तीन वर्षांपूर्वी तिने इथल्या शेठचं जुनं दुकान घेतलं, आतून पाडून काचेचं केलं. जुन्यांपैकी परमेश्वर आणि किशनराव दोघांनाच ठेवून घेतलं. किशनरावाचे गुडघे गेले होते, आणि विक्रेत्याने ग्राहकासमोर बसायचं नाही असा कंपनीचा नियम. त्याने एक स्टूल मागितलं. आठ दिवसांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सवयीने तो दुकानात आला तर हजेरीचं मशीन त्याचा अंगठा घेईना. पाच-सहा वेळा त्याने अंगठा खिशातल्या दस्तीला पुसला आणि परत टेकवला. परमेश्वर तेव्हा काचेच्या आत उभा होता. त्या दिवसापासून रोज सकाळी तो बोट आधी दस्तीला पुसायचा आणि मगच त्या मशीनवर ठेवायचा.

म्हणून त्याने आपली व्यवस्था लावून घेतली होती. तिसऱ्या फळीवर डावीकडची पहिली थप्पी काळी, दुसरी निळी, तिसरी जांभळी, चौथी गर्द हिरवी. शंका आलीच तर चिठ्ठीवर रंगाचं नाव असायचं. आणि त्याहून अडचण झाली तर शेवटचा उपाय जिभेचा. चारही साड्या गादीवर टाकायच्या आणि म्हणायचं, "कापड मी सांगतो, बाई, रंग तुमी सांगा." बायका हसायच्या आणि आपल्या हाताने निवडायच्या. त्याच्या बोलण्याला गिऱ्हाईक भुलायचं हे खरंच होतं. मोरपंखी दाखवताना तो म्हणायचा, येलदरीच्या धरणाचं पाणी दुपारी चारला बघा, तो हा रंग. ते पाणी त्याने शेवटचं पाहिलं त्याला सात वर्षं झाली होती. पण बोलायला काय लागतं?

हे बोलणं थेट पुण्यापर्यंत गेलं, आणि तिथेच घात झाला. परभणीत कंपनीचं मोठं दुकान निघणार होतं. शालूच्या दालनाचा प्रमुख, शिवाय बावीस दुकानांतल्या पोरापोरींना शिकवायचं, अशी जागा निघाली. त्या जागेसाठी सेलूहून दोन नावं गेली होती, परमेश्वरचं आणि निकिताचं. दुसरा कोणी असता तर त्याने पेढे वाटले असते. परमेश्वरची झोप उडाली. परभणीत त्याची फळी नव्हती, त्याची थप्पी नव्हती. नको म्हणावं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की शाल आणि नारळ. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

आणि आज सोमवारी सकाळी भागाचे साहेब शिवकांत स्वतः आले होते, त्याची विक्री बघायला. शिवकांत उदगीरकडचा, बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड. वर आल्या आल्या त्याने परमेश्वरला बाजूला घेतलं.

"काका, आजपासून एक नवी पद्धत. ग्राहकाने रंग सांगितला की चार-चार साड्या टाकायच्या नाहीत. त्याने गोंधळ होतो, वेळ जातो. एकच काढायची आणि थेट खांद्यावर. तुमच्यासारख्याला काय अवघड आहे?"

"अवघड कशाचं," परमेश्वर म्हणाला. त्याचा हात आपोआप तिसऱ्या फळीकडे गेला होता. थप्प्या रंगाच्या राहिल्याच नव्हत्या. पुण्याहून आलेल्या नकाशानुसार त्या भावाप्रमाणे लावल्या होत्या, आणि एकेका थप्पीत सगळे रंग एकमेकांच्या उरावर बसले होते.

दहाच्या सुमारास खाली दोन जीपगाड्या थांबल्या आणि बस्ता वर आला. येलदरीकडच्या व्यंकटरावांच्या मुलाचं लग्न होतं. व्यंकटराव, त्यांच्या घरच्या बायका, नवरीकडची चार माणसं, मधोमध मान खाली घालून नवरी अपेक्षा, आणि सगळ्यांच्या पुढे व्यंकटरावांच्या आई दगडाबाई. म्हातारी सत्तरीच्या पुढची, पण गादीवर अशी बसली की बाकीच्यांना आपोआप तिच्या डाव्या-उजव्या हाताला बसावं लागलं. परमेश्वरने मनात हात जोडले. त्याला कोणती बाई शेवटचा शब्द बोलणार हे नेहमी आधी कळायचं.

"या आजी. येरवाळीच आलात, बरं केलं. ऊन चढायच्या आत घरी जाताल."

"ऊन आमाला काय नवं हाय का? तू साड्या दाव."

सुरुवात चांगली झाली. हळदीची पिवळी त्याने एका झटक्यात काढली. चुड्याच्या वेळची हिरवी निघाली. शालू तर त्याने डोळे मिटून काढला असता. लाल रंग अजून त्याचा होता. शालूचा पदर नवरीच्या खांद्यावर टाकून तो म्हणाला, "आजी, आता सून ओळखू येती का बघा," आणि दोन्हीकडच्या बायका हसल्या. विहिणी-विहिणींत मानपानावरून थोडी तणातणी झाली, ती त्याने दोन वाक्यांत मिटवली. शिवकांत जिन्याच्या कठड्याला टेकून मान डोलवत होता. परमेश्वरला वाटलं, निभावतंय. आजचा दिवस निघाला तर पुढचं पुढे बघू.

तेवढ्यात अपेक्षाने पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज इतका लहान, की त्याला वाकावं लागलं.

"काका, निळी दाखवा ना एक. गडद."

"दाखवतो की, माय," परमेश्वर म्हणाला आणि तिसऱ्या फळीकडे वळला.

पाठ गादीकडे असल्याने त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं, हेच नशीब. समोर सहा थप्प्या. दुसऱ्या थप्पीत पाच गडद घड्या एकावर एक. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात त्या त्याला ओल्या मातीसारख्या दिसत होत्या, पाचही. जुन्या दुकानात असतं तर साडी ओट्यावर नेली असती, उन्हात धरली असती. इथे माल दाराबाहेर नेला की भोंगा वाजतो. निकिताकडे बघावं का? ती हाताच्या अंतरावर होती, पण दुसरं नाव तिचंच होतं. ती कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तो तिला घडी चुकल्यावरून चार गिऱ्हाइकांसमोर बोलला होता. ते ती विसरली असेल असं मानायला तो काही खुळा नव्हता.

मागे शिवकांत खाकरला. परमेश्वरने वरून दुसरी घडी ओढली. त्याला आतून कोणीतरी सांगत होतं, ही निळी, ही निळीच. ती भीतीच बोलत होती, पण त्या घटकेला ती नजरेसारखी वाटली. तो वळला, हसला, घडी मोडली आणि सराईत हाताने पदर नवरीच्या खांद्यावर सोडला.

व्यंकटरावांनी चहाचा पेला ओठापाशी नेला होता, तो तिथेच राहिला. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. अपेक्षा खांद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा रडायला आल्यासारखा झाला होता.

"काळी," दगडाबाई म्हणाल्या.

एकच शब्द. शुभकार्याच्या बस्त्यात, दोन्हीकडची माणसं बसलेली असताना, होणाऱ्या नवरीच्या अंगावर त्याने काळं घातलं होतं. अशा गोष्टीवरून जुळलेली सोयरीक मोडलेली त्याने पाहिली होती. पुढे त्या घरात कुत्रं मेलं तरी लोक आजचा दिवस काढणार. आणि जिन्यापाशी साहेब उभे.

"कोणी सांगितलं तुला काळी काडायला?" दगडाबाईंचा आवाज चढला नव्हता. त्यानेच जास्त भीती वाटत होती. "पोर निळी म्हणली. मी आयकलं."

परमेश्वरचं तोंड आपोआप चालू झालं. एकतीस वर्षांची सवय ती, मालकाला न विचारता कामाला लागली.

"काळीच हाय, आजी. मुद्दाम काडली. निळी दावतोच, पर ही आधी. ही लग्नाची न्हाई. लग्न झाल्यावर पहिली संक्रांत कुणाच्या घरी व्हणार? तुमच्या. हलव्याचे दागिने घालून सून पाटावर बसंल, तवा आंगावर काय पायजे? काळीच पायजे. आन् तवा व्हतं काय, पौषात धावत याचं आन् मिळंल ती उचलायची. पहिल्या सणाची साडी आन् ती उरलीसुरली. म्हणून म्हणलं, आजीच्या डोळ्याखालून आजच घालावी. बस्त्यात बांधायची न्हाई. येगळी ठिवायची. लग्नाच्या कापडाला तिचा वारा बी लागू द्याचा न्हाई."

दगडाबाई त्याच्याकडे बघत होत्या. पापणी लवत नव्हती.

"मंग खांद्यावर कशाला टाकली? हातावर दावायची व्हती."

"चुकलं, आजी," परमेश्वर म्हणाला. "घाई झाली."

एवढ्या बोलण्यात तेवढंच एक खरं होतं. म्हातारीने पुढे होऊन नवरीच्या खांद्यावरचा पदर स्वतःच्या हाताने काढला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कापड चोळून पाहिलं.

"सूत बरं हाय," त्या म्हणाल्या. "येगळी बांधा. आन् पोरीला निळी द्या आता, तिचं तोंड बघा कसं झालंय."

व्यंकटरावांनी चहाचा घोट घेतला. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अपेक्षाने स्वतः उठून शेजारच्या थप्पीतली निळी उचलली, आणि परमेश्वरने तिला उचलू दिली. काळी बिलासाठी खाली गेली. परमेश्वरने भिंतीला पाठ लावली.

सुटलो असं त्याला वाटलं, ते फार तर दोन मिनिटं. शिवकांत जिन्यापासून तरातरा आला, आणि त्याचे डोळे चमकत होते.

"काका, ही कल्पना तुमची स्वतःची? बस्त्यासोबत पहिल्या संक्रांतीची साडी? अहो, लग्नाच्या गर्दीत काळा माल पडून राहतो सगळीकडे. बावीस दुकानांत कोणाला सुचलं नाही हे." त्याने फोन बाहेर काढला. "परत एकदा करायचं. मी रेकॉर्ड करतो. अगदी थप्पीतून काढल्यापासून. उद्या सगळ्या शाखांना पाठवतो."

"ती साडी तर खाली गेली, साहेब."

"दुसरी काढा. त्यात काय, आहेत की फळीवर. आजी, तुमची हरकत नाही ना?"

दगडाबाईंना फोटोत यायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "पोरीच्या आंगावर टाकायची न्हाई. माज्या हातावर दावा."

"चालेल. फोनचं स्टँड गाडीत आहे, आणतो," म्हणत शिवकांत खाली गेला.

परमेश्वर फळीसमोर उभा राहिला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मघाशी चुकून काळी आली होती. आता ठरवून काळीच यायला हवी होती, आणि निळी आली, जांभळी आली तर ती बावीस गावांत दिसणार होती. एकदा चूक झाली तर घाई. दुसऱ्यांदा कोणती सबब सांगायची? थप्पीत चार उरल्या होत्या. त्याने घड्यांवर हात फिरवला. चारही एकाच सुताच्या. बोटांना काही कळेना.

निकिता काउंटर सोडून आली. "सरका काका, घड्या इस्कटल्यात," म्हणाली आणि चारही साड्या काढून भराभर परत लावल्या. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. जाता जाता, पाठमोरीच, हलक्या आवाजात बोलली.

"खालून दुसरीला टाचणी राहिलीय. बोट जपा."

तीन वर्षांत तिने त्याला टाचणीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. ब्लाउजपीस जोडायला ती दिवसभर टाचण्या वापरायची आणि एक कुठे विसरायची नाही. म्हणजे हिला माहीत आहे. कधीपासून, किती, आणखी कोणाला सांगितलं? आणि खालून दुसरी म्हणजे काय? काळी, की काळी सोडून कोणतीही? त्याची फजिती झाली की परभणीची जागा तिची. तिला कोणाला काही सांगावं लागलं नसतं. फोननेच सांगितलं असतं.

जिन्यावर शिवकांतची पावलं वाजली. स्टँड उभं राहिलं, फोन बसला. "हां काका, सुरू करा. मघासारखंच बोला, अगदी तसंच."

परमेश्वरने थप्पीत हात घातला. खालून पहिली, खालून दुसरी. काठाजवळ टाचणीचं डोकं बोटाला लागलं. तिथे तो क्षणभर थांबला. पोरीला चार लोकांत बोललो होतो, ते त्याला आता शब्दान् शब्द आठवलं. मग त्याने दुसरा हात खाली घालून तीच घडी ओढली, अंगठ्याने टाचणी काढून मुठीत धरली आणि वळला. पुढ्यात काय आहे ते त्याला कळत नव्हतं. वाक्यं मात्र एकामागून एक बाहेर पडत होती, संक्रांत, पाट, हलव्याचे दागिने. घडी मोडून त्याने पदर दगडाबाईंच्या हातावर टाकला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला वाचायला आता तेवढंच उरलं होतं.

म्हातारीने पदर उजेडाकडे धरला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"ही तर पहिलीपरीस बी काळीभोर हाय," त्या म्हणाल्या. "ही जास्त शोभंल."

"झकास," शिवकांत म्हणाला.

मुठीतली टाचणी तळहातात रुतली होती. परमेश्वरला ते नंतर कळलं, दस्तीला रक्त लागलं तेव्हा.

दुपारी अडीचला बस्ता बांधून झाला. गाठोड्यावर नारळ ठेवला, कुंकू लावलं. काळी साडी दगडाबाईंनी वेगळ्या पिशवीत घालून मागच्या जीपमध्ये ठेवायला लावली. शिवकांतने परमेश्वरचे दोन्ही हात हातात घेतले.

"संध्याकाळी पत्र येईल. येत्या सोमवारी परभणीला हजर व्हा. तुमच्यासारखी माणसं होती म्हणून जुनी दुकानं चालत होती, काका. आम्ही नुसत्या काचा लावतो." खालच्या मजल्यावर मॅनेजरशी थोडं बोलून निघतो, असं म्हणून तो उतरला.

वरच्या मजल्यावर दोघंच उरली. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. निकिता एकेक घडी घालत होती. घडी आता चुकत नव्हती.

"कधीपास्नं?" परमेश्वरने विचारलं.

"दिवाळीपास्नं." तिने हात थांबवला नाही. "रोज सांजच्याला तुमची फळी मीच लावायचे. गिऱ्हाईक इस्कटून जायचं, मी परत तुमच्या परमानं ठिवायचे. काल पुण्याच्या लोकांनी हात लावू दिला न्हाई."

दिवाळीपासून म्हणजे पाच-सहा महिने. रोज सकाळी थप्प्या जागच्या जागी दिसायच्या आणि त्याला वाटायचं, आपली शिस्त आहे. परमेश्वर गादीच्या कडेला बसला. विक्रेत्याने बसायचं नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईत, म्हणून."

मग निकिताने हातातली घडी खाली ठेवली.

"काका, आज टाचणी लावली. सोमवारी परभणीत कोण लावंल? तिथं तुमी चार पोरींना शिकवणार. पहिल्याच हप्त्यात उघडं पडंल, आन् लोकांपुढं पडंल. मला तर झोप न्हाई लागायची."

"मंग तूच सांग साहेबाला. माज्यानं व्हत न्हाई."

"मी कसं सांगू? दुसरं नाव माझं हाय. मी सांगितलं तर चुगली व्हती. तुमचं बी वाटोळं आन् माझं बी." तिने ठेवलेली घडी परत उचलली. "मला ती जागा पायजे, काका. खोटं कशाला बोलू? पर आशी नको."

परमेश्वरने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनकर्णाचे शब्द आठवले. मशीनवर अंगठा टेकवणारा किशनराव आठवला. दोन वर्षं रोज थोडं थोडं भ्यायलो होतो, त्याची आज बेरीज आली, असं त्याला वाटलं. मग तो उठला. ढिगातली हाताला येईल ती एक गडद साडी त्याने उचलली, दंडावर टाकली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागला. अठरा पायऱ्या. निम्म्या वाटेवर पाय थांबले. वरून निकिता बघत असणार हे त्याला माहीत होतं. तो पुढे उतरला.

शिवकांत दारापाशी फोनवर मघाचाच व्हिडिओ बघत उभा होता. फोनमधून परमेश्वरचा आवाज येत होता, भरदार, लाघवी. पहिल्या सणाची साडी आन् ती उरलीसुरली.

"साहेब."

"बोला काका."

परमेश्वरने दंडावरची साडी पुढे केली. "येवढी एक बघा. हिचा रंग कोणता हाय?"

शिवकांतने साडीकडे पाहिलं आणि हसला. "माझी परीक्षा घेता का? तुम्हीच सांगा, काका. तुमच्या तोंडून रंग ऐकायला बरं वाटतं."

परमेश्वर साडी धरून उभा राहिला. शिवकांत हसऱ्या तोंडाने वाट बघत होता. बिलावरच्या पोरीने वर पाहिलं. दारातून एक गिऱ्हाईक आत आलं आणि बाजूने निघून गेलं. परमेश्वरने साडी खाली घेतली नाही, रंगही सांगितला नाही. शिवकांतने व्हिडिओ बंद केला, आणि मग पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.